मते तीच, निकाल वेगळा: सोसायटी आणि मंडळातील निर्णयांसाठी मतमोजणीची पद्धत कशी ठरवावी

गृहनिर्माण संस्था असो, गणेशोत्सव मंडळ असो की वाचनालयाची समिती असो, वर्षातून काही वेळा तरी असा प्रसंग येतो की समोर तीन-चार पर्याय असतात, निधी एकाच कामापुरता असतो आणि अध्यक्ष "ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करा" असे म्हणून प्रश्न निकाली काढतात. सभा संपल्यावर जिन्यात, वाहनतळावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जी कुजबुज सुरू होते, तिचा सूर बहुधा "कोणीतरी सभा फिरवली" असा असतो. पुष्कळदा कोणीही सभा फिरवलेली नसते. सभासदांची खरी पसंती एक असते आणि मोजण्याच्या पद्धतीने तिच्यातून दुसरेच काही वर काढलेले असते. म्हणून पद्धत आधी ठरवावी, ती समजून-उमजून ठरवावी आणि पर्यायांची यादी तयार होण्यापूर्वीच ठरवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते कसे करायचे हे या लेखात पायरीपायरीने दिले आहे.

एक मर्यादा आधीच स्पष्ट केली पाहिजे. सहकारी संस्थेच्या व्यवस्थापक समितीची निवडणूक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील नियमांनुसार होते, आणि नोंदणीकृत न्यासाच्या विश्वस्तांची निवड त्या न्यासाच्या घटनेनुसार होते. तेथे पद्धत आपल्या हातात नसते. हा लेख त्याबाहेरच्या निर्णयांसाठी आहे: शिल्लक निधी कशावर खर्च करायचा, सहल कुठे न्यायची, मिरवणूक कशी काढायची, उपसमितीत कोणाला घ्यायचे.

पहिली पायरी: पर्याय दोनच आहेत की अधिक, हे पाहा

पर्याय खरोखरच दोन असतील तर फारसा विचार करण्याचे कारण नाही. साधे बहुमत ही तेथे सर्वोत्तम पद्धत आहे. सर्व मतदार समान, दोन्ही पर्यायांना समान वागणूक आणि एखाद्याचा पाठिंबा वाढल्याने त्याचे नुकसान होऊ नये, उलट बरोबरी असेल तर ती त्याच्या बाजूने सुटावी, एवढ्या अटी एकत्र पाळणारा नियम साधे बहुमत हाच आहे, हे केनेथ मे या गणितज्ञाने १९५२ मध्ये सिद्ध केले. दोनच पर्याय असतात तेव्हा खोटे मत देऊन कोणाचाही फायदा होत नाही, हा आणखी एक गुण.

अडचण निराळीच असते. "मिरवणुकीत लेझीम ठेवायची की डॉल्बी?" असा प्रश्न सभेपुढे येतो, तेव्हा ढोल-ताशा, किंवा लेझीम आणि टाळ-मृदंग, हे पर्याय आधीच कोणीतरी गाळलेले असतात. मते मोजणाऱ्यापेक्षा पर्यायांची यादी करणाऱ्याचा निकालावरचा ताबा पुष्कळदा मोठा असतो. म्हणून सभेच्या किमान आठवडाभर आधी फलकावर सूचना लावावी, सूचक आणि अनुमोदक असलेला प्रत्येक पर्याय यादीत घ्यावा आणि यादी कधी बंद होणार ती तारीखही त्याच सूचनेत लिहावी.

दुसरी पायरी: एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहा

समजा, जुळे सोलापुरातील एका संस्थेत ३५ घरे आहेत आणि शिल्लक निधीतून एकच काम होऊ शकते. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे एक पर्याय आहे मोठी भूमिगत टाकी. उन्हाळ्यातील वीजबिल पाहून दुसरा पर्याय आला आहे गच्चीवर सौर पॅनल बसवण्याचा. तिसरा आहे इमारतीच्या रंगकामाचा. घरांचे पसंतीक्रम असे आहेत:

१४ घरे: रंग, मग टाकी, मग सौर
१२ घरे: सौर, मग टाकी, मग रंग
९ घरे: टाकी, मग सौर, मग रंग

हात वर करून मोजले तर रंगाला १४, सौरला १२ आणि टाकीला ९ मते पडतात. रंगकाम मंजूर होते. प्रत्यक्षात ३५ पैकी २१ घरांनी रंग शेवटच्या क्रमांकावर टाकलेला आहे. बहुसंख्यांना सर्वांत नकोसे असलेले काम "सर्वाधिक मतांनी" मंजूर झाले, आणि त्यात कोणीही लबाडी केलेली नाही.

सभासदांपैकी कोणी सुचवले की कोणालाच १८ चे बहुमत नाही, तेव्हा पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्या, तर टाकी बाद होते, तिची ९ घरे सौरकडे वळतात आणि सौर २१ विरुद्ध १४ ने जिंकते.

आता तिसरी रीत पाहा. प्रत्येक दोन पर्यायांची थेट लढत लावा. टाकी विरुद्ध रंग: दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील २१ घरे टाकीच्या बाजूने, १४ रंगाच्या. टाकी विरुद्ध सौर: पहिल्या आणि तिसऱ्या गटातील २३ घरे टाकीच्या बाजूने, १२ सौरच्या. म्हणजे जी टाकी पहिल्या दोन्ही पद्धतींत तळाशी गेली, ती समोरासमोर दोघांनाही हरवते. कागद तेच ३५, पसंती तीच, आणि तीन पद्धतींचे तीन निकाल.

थेट लढतीत सर्वांना हरवणाऱ्या पर्यायाला फ्रेंच विचारवंत मार्की द कॉन्डोर्से यांच्या नावावरून कॉन्डोर्से विजेता म्हणतात. त्यांनी १७८५ मध्ये ही मांडणी केली. असा पर्याय अस्तित्वात असेल तर तोच निवडला जावा, असे माझे मत आहे, कारण त्याच्याविरुद्ध दुसऱ्या कोणत्याही एका पर्यायाच्या मागे बहुमत उभे करता येत नाही. तक्रार घेऊन येणाऱ्याला "तुमचा पर्याय आणि हा पर्याय एवढेच असते, तरी हाच जिंकला असता" असे कागद दाखवून सांगता येते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन शहराच्या महापौराची निवडणूक २००९ मध्ये पसंतीक्रमाने, तळाचा उमेदवार बाद करत जाण्याच्या पद्धतीने झाली. पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते कर्ट राइट यांना होती, शेवटच्या फेरीत बॉब किस यांनी त्यांना ४,३१३ विरुद्ध ४,०६१ असे हरवले, आणि आधीच बाद झालेले अँडी मॉन्ट्रॉल हे मतपत्रिकांवरील क्रमांनुसार दोघांनाही थेट लढतीत हरवत होते. आपल्या टाकीची स्थिती तंतोतंत तीच आहे. पुढच्याच वर्षी त्या शहराने मतदान घेऊन ती पद्धत रद्द केली. फ्रान्समध्ये २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत १६ उमेदवार उभे होते. डाव्या बाजूची मते इतकी विभागली की पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ १६.१८ टक्के मतांसह तिसरे राहून बाद झाले, अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन १६.८६ टक्के मतांवर दुसऱ्या फेरीत गेले आणि तेथे जॅक शिराक यांना ८२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. "मते खाल्ली" हा शब्दप्रयोग आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीनंतर ऐकू येतो. त्या दोन फेऱ्यांच्या आकड्यांत तो स्पष्ट दिसतो.

तिसरी पायरी: मतपत्रिका आणि थेट लढतींचा तक्ता

मतपत्रिकेवर सर्व पर्याय छापून प्रत्येकासमोर एक चौकट ठेवावी आणि सभासदाने १, २, ३ असे अंक लिहावेत. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना ही रीत परिचित असेल. सोलापूर जिल्हा पुणे विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मोडतो आणि तेथे आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेनने पसंतीचे अंकच लिहावे लागतात. १ हा अंक नसलेली मतपत्रिका बाद ठरते. हे नियम जसेच्या तसे उचलायला हरकत नाही: सर्वांना एकाच रंगाचे पेन द्यावे, फक्त अंक लिहावेत, नाव किंवा खूण नसावी. दोन पर्यायांना एकच क्रमांक दिला असेल तर त्या दोघांपुरते ते मत तटस्थ धरावे. काही चौकटी रिकाम्या असतील तर ते पर्याय शेवटच्या क्रमांकावर समान समजावेत. हे दोन्ही नियम मतदानापूर्वी वाचून दाखवावेत, कारण मोजणी सुरू झाल्यावर ठरवलेला प्रत्येक नियम कोणाच्या तरी बाजूचा वाटतो. पर्यायांचा क्रम निम्म्या पत्रिकांवर उलटा छापावा. वर छापलेल्या नावाकडे हात आधी जातो.

मोजणीसाठी मोठ्या कागदावर चौकोनी तक्ता आखावा. डाव्या बाजूला सर्व पर्याय, वरच्या ओळीतही तेच पर्याय. एकाने मतपत्रिका मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने तक्त्यात रेघ मारावी, तिसऱ्याने दोघांवर लक्ष ठेवावे. "रंग, टाकी, सौर" अशी पत्रिका आली की रंगाच्या ओळीत टाकीखाली एक रेघ, रंगाच्या ओळीत सौरखाली एक रेघ आणि टाकीच्या ओळीत सौरखाली एक रेघ. पाच-पाच रेघांचे गट केले की शेवटी बेरीज सोपी जाते. तीन पर्यायांत तीन लढती होतात, चारांत सहा, पाचांत दहा. पन्नास-साठ पत्रिकांपर्यंत हे काम चहा होईपर्यंत हातानेच उरकते. त्याहून अधिक असतील तर साधे स्प्रेडशीट पुरते. आपल्या उदाहरणात टाकीच्या ओळीत रंगाखाली २१ आणि सौरखाली २३ रेघा येतील. दोन्ही आकडे १७ च्या पुढे गेले, म्हणजे निकाल लागला.

चौथी पायरी: डावपेचांची शक्यता तपासा

सभासद आपली खरी पसंती लिहितील हे गृहीत धरू नये, आणि न लिहिल्यास त्यांना दोषही देऊ नये. पद्धतच जर खरे लिहिणाऱ्याला शिक्षा देत असेल, तर जाणते लोक डावपेच करणारच. वरचेच उदाहरण घेऊन ते कुठे-कुठे शिरतात ते पाहू.

दोन फेऱ्यांच्या पद्धतीत सौर जिंकते आणि रंगवाल्या १४ घरांना तोच पर्याय सर्वांत नको आहे. त्यांच्यापैकी तिघांनी आपला आवडता रंग सोडून पहिल्या फेरीत टाकीला मत दिले, तर रंग ११, सौर १२, टाकी १२ अशी स्थिती होते, रंग बाद होतो आणि टाकी २३ विरुद्ध १२ ने जिंकते. आवडत्याला सोडल्यामुळे नावडता टळला. याहून विचित्र गोष्ट अशी की, रंगवाल्या घरांपैकी सहा घरे सभेला आलीच नाहीत तरीही त्यांचा फायदा होतो. रंग ८, सौर १२, टाकी ९ अशी मते पडून रंग बाद होतो आणि टाकी १७ विरुद्ध १२ ने निवडली जाते. मतदानाला येऊन प्रामाणिकपणे मत दिले तर नको ते काम, घरी बसले तर बरे काम! अभ्यासक याला गैरहजेरीचा विरोधाभास म्हणतात. सभासदांनी सभेला यावे म्हणून आपण धडपडत असू, तर त्यांच्या येण्याने त्यांचेच नुकसान करू शकणारी पद्धत वापरणे मला योग्य वाटत नाही.

गुण देण्याची पद्धत, म्हणजे पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०, फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-शार्ल द बोर्डा यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १७७० मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. आपल्या उदाहरणात ती टाकीला ४४, सौरला ३३ आणि रंगाला २८ गुण देते, म्हणजे निकाल चांगला लागतो. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांतही असे गुण देण्याची सवय असल्याने ही पद्धत लोकांना लगेच पटते. पण तिच्यात एक मोठी फट आहे. समजा, सौरच्या बाजूच्या कोणी यादी बंद होण्यापूर्वी "सौर बंब" असा चौथा पर्याय सुचवला. तो कोणालाच सौर पॅनलपेक्षा अधिक पसंत नाही, पण पॅनलला लागूनच सगळे त्याला क्रमांक देतात. आता गुण ३, २, १, ०. पहिली १४ घरे रंग, टाकी, सौर, बंब असे लिहितात. १२ घरे सौर, बंब, टाकी, रंग असे, आणि ९ घरे टाकी, सौर, बंब, रंग असे. बेरीज केली तर सौर ६८, टाकी ६७, रंग ४२, बंब ३३. एकाही घराने टाकी आणि सौर यांच्यातली आपली पसंती बदललेली नाही, तरी केवळ एक डमी पर्याय आल्याने सौर जिंकले. साध्या एक-मत पद्धतीत डमी उमेदवार स्वतःच्याच बाजूची मते खातो. गुणपद्धतीत तो स्वतःच्या बाजूला वर उचलतो. म्हणून ज्याला यादीत हवे तेवढे पर्याय घालता येतात, अशा ठिकाणी गुणपद्धत वापरू नये. परीक्षक बाहेरचे आणि स्पर्धक ठरलेले असतील, जसे रांगोळी किंवा वक्तृत्व स्पर्धेत असतात, तेथे ती चालते.

थेट लढतींच्या तक्त्यालाही डावपेच लागू पडतात. सौरवाल्या १२ घरांनी मुद्दाम टाकीला तळाशी टाकून "सौर, रंग, टाकी" असे लिहिले, तर रंग टाकीला २६ विरुद्ध ९ ने हरवतो, टाकी सौरला २३ विरुद्ध १२ ने आणि सौर रंगाला २१ विरुद्ध १४ ने. कोणीच सर्वांना हरवत नाही. अशा वेळी ज्याचा सर्वांत मोठा पराभव इतरांच्या तुलनेत लहान, तो विजयी, हा नियम लावला तर टाकीचा मोठा पराभव १७ मतांचा, सौरचा ११ चा आणि रंगाचा ७ चा आहे. रंग जिंकतो, म्हणजे डाव टाकणाऱ्यांना त्यांचाच सर्वांत नावडता पर्याय मिळतो. प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही. पण दुसऱ्यांची मते नेमकी ठाऊक असल्याशिवाय हा डाव साधत नाही, आणि मतदान गुप्त असेल तर ती सहसा ठाऊक नसतात.

पाचवी पायरी: चक्र आणि मतदानाचा क्रम

नऊ जणांची समिती सहलीचे ठिकाण ठरवत आहे. तिघांचा क्रम नळदुर्ग, विजापूर, गाणगापूर. तिघांचा विजापूर, गाणगापूर, नळदुर्ग. उरलेल्या तिघांचा गाणगापूर, नळदुर्ग, विजापूर. नळदुर्ग विजापूरला ६ विरुद्ध ३ ने हरवते, विजापूर गाणगापूरला तसेच हरवते आणि गाणगापूर नळदुर्गला. प्रत्येक सभासदाचे म्हणणे सुसंगत आहे, पण समितीचे म्हणणे गोल फिरते.

येथे अध्यक्षांच्या हातात मोठी सत्ता येते. "आधी नळदुर्ग की विजापूर ते ठरवू, मग जिंकणाऱ्यासमोर गाणगापूर ठेवू" असे ते म्हणाले, तर गाणगापूर जिंकते. त्यांनी नळदुर्ग शेवटी ठेवले तर नळदुर्ग, विजापूर शेवटी ठेवले तर विजापूर. शेवटी येणारा जिंकतो. नळदुर्गवाल्या तिघांच्या हे वेळीच लक्षात आले, तर ते पहिल्याच फेरीत विजापूरला मत देतील आणि शेवटच्या लढतीत विजापूर गाणगापूरला हरवेल. त्यांना पहिली पसंती मिळणार नाही, पण तिसरी टळेल.

ही कला जुनी आहे. इ. स. १०५ च्या सुमारास अफ्रानियस डेक्स्टर या कॉन्सुलच्या (रोमच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याच्या) संशयास्पद मृत्यूनंतर त्याच्या मुक्त केलेल्या गुलामांचे काय करायचे यावर रोमच्या सिनेटमध्ये तीन मते पडली: सोडून द्यावे, हद्दपार करावे, मृत्युदंड द्यावा. धाकटा प्लिनी सोडून देण्याच्या बाजूचा होता आणि तोच गट सर्वांत मोठा होता, म्हणून त्याने तिन्ही मते एकाच वेळी वेगवेगळी मोजण्याचा आग्रह धरला. ते पाहून मृत्युदंड सुचवणारा आपला प्रस्ताव सोडून हद्दपारीच्या बाजूला गेला. क्रम बदलण्याचा डाव आणि त्याला खरी पसंती लपवून दिलेले उत्तर, दोन्ही एकाच सभेत.

यावर उपाय असा की पर्याय एकामागून एक जोड्यांनी सभेपुढे ठेवूच नयेत. सर्व क्रम एकदाच कागदावर घ्यावेत, सर्व लढती एकदम मोजाव्यात. चक्र आले तर वर सांगितलेला सर्वांत लहान पराभवाचा नियम लावावा. तेथेही बरोबरी झाली, जशी सहलीच्या उदाहरणात होते, तर चिठ्ठी टाकावी. चिठ्ठीला कमी लेखू नये. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते पडली तेव्हा नगरसेवक चिठ्ठी काढूनच ठरला.

निर्दोष पद्धत शोधत बसू नका

केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये दाखवले की तीन किंवा अधिक पर्याय असताना, क्रमांवर आधारलेली कोणतीही पद्धत काही साध्या आणि रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. त्यांना १९७२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे अ‍ॅलन गिबार्ड यांनी १९७३ मध्ये आणि मार्क सॅटर्थवेट यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले की, तीन किंवा अधिक पर्यायांपैकी कोणताही जिंकू शकत असेल आणि एकाच व्यक्तीची हुकूमशाही नसेल, तर चिठ्ठी न वापरणाऱ्या प्रत्येक पद्धतीत कुठल्या ना कुठल्या स्थितीत खोटे मत देणे फायद्याचे ठरते. याचा अर्थ सगळ्या पद्धती सारख्याच वाईट आहेत, असा मुळीच नाही. आपल्या गटात कोणता दोष वारंवार उद्भवेल आणि कोणता क्वचित, एवढे पाहून निवड करायची असते.

वेळ फार कमी असेल, किंवा सभासदांना क्रम लिहिणे जड जात असेल, तर मान्यता-मतदान घ्यावे: जे-जे पर्याय चालतील त्या सर्वांवर खूण करायची आणि सर्वाधिक खुणा मिळालेला विजयी. आपल्या उदाहरणात प्रत्येकाने पहिल्या दोन पसंतींवर खूण केली तर टाकीला ३५, सौरला २१ आणि रंगाला १४ खुणा मिळतात. मात्र सर्वांनी एकेकच खूण केली तर आपण पुन्हा हात वर करण्याच्या पद्धतीवर येऊन पोचतो, म्हणून "चालणारे सर्व पर्याय निवडा" हे वाक्य पत्रिकेवर ठळक छापावे.

पसंतीक्रमाच्या मोजणीत दुसऱ्या पसंतीचे वजन किती असते, याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे आहे. विजयासाठी ४,१८,१६९ इतके मतमूल्य आवश्यक होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ इतके मतमूल्य मिळाले. बाद उमेदवारांची मते पुढे सरकली तेव्हा त्यांतील फार मोठा वाटा रेड्डी यांच्याकडे गेला आणि ते ४,०५,४२७ पर्यंत पोचले, पण गिरी ४,२०,०७७ वर जाऊन निवडून आले. आपल्या सभेत कोणी "दुसरी पसंती लिहून काय उपयोग?" असे विचारले तर हे आकडे सांगावेत.

एकापेक्षा अधिक जागा असतील तर

उपसमितीच्या पाच जागा आहेत आणि प्रत्येक सभासदाला पाच मते, ही सर्वांत रुळलेली रीत. ३५ सभासदांत १८ विरुद्ध १७ असे दोन पॅनल असतील आणि सर्वांनी पॅनल टू पॅनल मतदान केले, तर पाचही जागा १८ च्या गटाला जातात आणि १७ जण पूर्ण रिकाम्या हाताने परततात. याला उत्तर म्हणून लहान गट आपली बाकीची मते न देता एकाच नावावर शिक्का मारतात. मोठ्या गटाची मते विखुरली तर त्यातून एखादा माणूस आत येतो, पण उरलेल्या जागांवरचा आपला हक्क ते सोडून देतात.

त्यापेक्षा प्रत्येकाला एकच मत, पण क्रमाने हस्तांतरित होणारे, ही पद्धत घ्यावी. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या आमदारांतून होणाऱ्या निवडणुकीत हीच वापरतात. कोटा काढायचा तो असा: वैध मते भागिले जागा अधिक एक, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. ३५ भागिले ६ म्हणजे ५, अधिक १, म्हणजे ६. १८ च्या गटाचे तीन कोटे भरतात, १७ च्या गटाचे दोन. समिती तीन-दोन अशी होते, जशी ती व्हायला हवी होती. कोट्याहून जास्त पडलेली मते पुढच्या पसंतीला कशी द्यायची, हा हिशेब लहान गटात किचकट होतो. तो सांभाळू शकेल असा माणूस नसेल तर प्रत्येकाला जागांपेक्षा कमी मते द्यावीत, पाच जागांना दोन किंवा तीन. एवढ्यानेही एका गटाने सगळे साफ नेणे बरेच अवघड होते.

जोडप्रश्नांपासून सावध राहा

तीन जणांची समिती दुरुस्तीच्या कामाचा विचार करते. काम व्हावे यासाठी ते तातडीचे असणे आणि निधी पुरेसा असणे, दोन्ही आवश्यक आहे. पहिल्याच्या मते दोन्ही खरे. दुसऱ्याच्या मते तातडी आहे, निधी नाही. तिसऱ्याच्या मते निधी आहे, तातडी नाही. प्रत्येक मुद्द्यावर स्वतंत्र मत घेतले तर दोन्ही मुद्दे २ विरुद्ध १ ने मंजूर होतात, म्हणजे काम झाले पाहिजे. थेट "काम करायचे का?" असे विचारले तर दोघे नाही म्हणतात. यातली कोणतीही रीत चुकीची नाही, पण कोणती वापरायची हे चर्चा सुरू होण्यापूर्वी ठरले नाही, तर ज्याला जो निकाल हवा तो ती रीत पुढे करील. माझा कल कारणांवर स्वतंत्र मत घेण्याकडे आहे, कारण मग इतिवृत्तात कारणे नोंदली जातात आणि पुढच्या वर्षी निधी वाढला की नेमके काय बदलले ते दाखवता येते.

मतदान गुप्त की खुले, आणि सभेनंतर

शेजारी-शेजारी राहणाऱ्यांच्या निर्णयात मतदान गुप्तच असावे. हात वर करताना माणूस आधी डावीकडे-उजवीकडे पाहतो, आणि ज्याच्याकडून उसने घेतले आहे किंवा ज्याच्या दुकानात नोकरी आहे त्याच्या हाताकडे अधिक पाहतो. खुल्या मतदानाला जागा आहे ती प्रतिनिधी दुसऱ्यांच्या वतीने मत देतात तेथे. राज्यसभेच्या निवडणुकीत क्रॉस व्होटिंग आणि घोडेबाजार रोखण्यासाठी २००३ मध्ये कायदा बदलून आमदारांनी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवण्याची तरतूद झाली, तर विधान परिषदेसाठी आमदारांचे मतदान गुप्तच राहिले. आपण स्वतःच्या घराच्या वतीने मत देत असलो तर ते दाखवण्याचे बंधन नसावे.

मतदान होईपर्यंत कोणत्याही अनौपचारिक कलाचे आकडे गटावर टाकू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवरील मतचाचणीत कोणी काय निवडले ते सर्वांना दिसते आणि निवड मागाहून बदलताही येते, त्यामुळे डावपेच आखणाऱ्याला हवी ती सगळी माहिती आयती मिळते. परगावी असलेल्या सभासदांची मते घ्यायची असतील तर बंद पाकिटातून, सभेपूर्वी घ्यावीत, आणि ती पाकिटे इतर पत्रिकांत मिसळल्यावरच उघडावीत.

निकाल जाहीर करताना केवळ विजेत्याचे नाव न सांगता लढतींचा पूर्ण तक्ता त्याच दिवशी फलकावर लावावा. मतपत्रिका पाकिटात घालून, पाकिटावर सचिव आणि दोन सभासदांच्या सह्या घेऊन, ते पुढची सभा होईपर्यंत जपून ठेवावे. इतिवृत्तात वापरलेली पद्धत, यादी बंद झाल्याची तारीख, एकूण आणि बाद पत्रिकांची संख्या, प्रत्येक लढतीचे आकडे आणि बरोबरी झाली असल्यास चिठ्ठी कोणी काढली, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. पुढच्या वेळी पद्धत बदलायची असेल तर तो ठराव त्याच बैठकीत, नवे पर्याय कोणते येणार हे कोणालाही माहीत नसताना, मांडून घ्यावा.